जेवणाआधीचे शॅम्पेन कॉकटेल: फेस उतू जातो आणि साखर तळाशी राहते

प्रश्न

पुढच्या महिन्यात आई-बाबांच्या लग्नाला ४० वर्षे पूर्ण होत आहेत. त्या संध्याकाळी आम्ही घरचे १० जण जेवायला बसण्यापूर्वी प्रत्येकाच्या हाती जुन्या पद्धतीचे शॅम्पेन कॉकटेल द्यावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे. गेल्या रविवारी रंगीत तालीम म्हणून दोन ग्लास करून पाहिले. उंच ग्लासात शुगर क्यूब ठेवला, त्यावर अँगोस्टुरा बिटर्सचे (मसाल्यांच्या कडवट अर्काचे) चार-पाच थेंब सोडले, अंदाजाने कोन्याक (फ्रेंच ब्रँडी) घातली आणि भावाने परदेशातून आणलेली फ्रेंच शॅम्पेन वरून ओतली. फेस क्षणात उसळून टेबलावर सांडला. शिवाय पहिला घोट बरा लागला असला, तरी शेवटचा पाकासारखा गोड होता. बाटलीवर ‘डेमी-सेक’ असे लिहिलेले आहे. माझे नेमके कुठे चुकले, आणि नाशिकची स्पार्कलिंग वाइन या पेयासाठी वापरता येईल का?

प्रतिसाद १

गोडव्याचे मूळ बाटलीवरच्या त्या दोन शब्दांत आहे. डेमी-सेक वाइनमध्ये लिटरमागे ३२ ते ५० ग्रॅम साखर असते, तर ब्रूट वाइनमध्ये ती १२ ग्रॅमपेक्षा कमी असते. एका ग्लासात ९० मिलिलिटर वाइन धरली, तर ब्रूटमधून जेमतेम एक ग्रॅम साखर पोटात जाते आणि डेमी-सेकमधून तीन ते साडेचार ग्रॅम. त्यात सुमारे चार ग्रॅमचा क्यूब पडला की भूक चाळवण्यासाठी घ्यायचे पेय जेवणानंतरच्या गोडासारखे होऊन बसते. या कॉकटेलमध्ये साखर क्यूबमधून येणार हे गृहीत असते, म्हणून वाइन कोरडीच, म्हणजे गोडवा नसलेलीच हवी. दुकानात ‘एक्स्ट्रा ड्राय’ या नावाने फसू नका, कारण त्या वाइनमध्ये १२ ते १७ ग्रॅम साखर असते, म्हणजे ती ब्रूटहून गोड असते.

क्यूब शेवटपर्यंत पूर्ण विरघळत नाही, हा मात्र दोष नव्हे. थंड द्रवात साखर सावकाश विरघळते, आणि कोरड्या घोटाकडून गोड घोटाकडे होणारा हा प्रवास मला तरी या पेयाचे खरे सौंदर्य वाटतो.

प्रतिसाद २

फेसाबद्दल लिहितो, कारण हा प्रश्न मलाही बराच काळ छळत होता. बंद बाटलीत वायूचा दाब बाहेरच्या हवेच्या दाबाच्या साधारण सहा पट असतो आणि तो कार्बन डायऑक्साइड थंड वाइनमध्ये अधिक चांगला विरघळून राहतो. साखरेच्या खडबडीत पृष्ठभागावरच्या बारीक खाचांमध्ये हवा अडकलेली असते. तिथे बुडबुडे धरू लागतात आणि तळापासून एकामागून एक माळ वर चढते. ही माळ दिसावी म्हणून तर क्यूब घालायचा. परंतु वाइन कोमट असेल किंवा एका दमात ओतली, तर माळेऐवजी उधाण येते. म्हणून बाटली ६ ते ८ अंश सेल्सियसपर्यंत थंड करा, कोन्याकही फ्रिजमध्ये ठेवा, ग्लास तिरका धरून आधी बोटभर वाइन सोडा, फेस बसू द्या आणि मगच उरलेली भरा. चमच्याने ढवळू नका.

प्रमाण असे ठेवा: एक क्यूब, बिटर्सचे दोन शिडकावे, १० मिलिलिटर कोन्याक आणि ९० मिलिलिटर वाइन. बिटर्स क्यूबवर ग्लासात नव्हे, तर बशीत टाका, म्हणजे ते साखरेत मुरते आणि जास्तीचे बशीतच राहते. शेवटी संत्र्याच्या सालीची पातळ पट्टी ग्लासावर पिळून तिचे तेल वर उडवा.

प्रतिसाद ३

नाशिकची वाइन निःशंकपणे वापरा. दिंडोरी परिसरात तयार होणाऱ्या काही ब्रूट वाइन पारंपरिक पद्धतीच्या आहेत, म्हणजे त्यांचे दुसरे किण्वन (बुडबुडे तयार करणारी आंबण्याची क्रिया) शॅम्पेनप्रमाणे बाटलीतच होते. शॅम्पेन हे नाव फ्रान्समधल्या त्याच नावाच्या प्रदेशातल्या वाइनचे असल्यामुळे ते नाशिकच्या बाटलीवर दिसणार नाही, एवढेच. उलट मी म्हणेन की उत्तम, जुनी शॅम्पेन बिटर्स आणि कोन्याकखाली झाकून टाकणे हा तिच्यावर अन्याय आहे.

एका बाबतीत मात्र मी पहिल्या प्रतिसादाशी सहमत नाही. सोबत खारे काजू किंवा कुरकुरीत तळलेले बोंबील असतील, तर पूर्ण क्यूब ठीक. पण बिनखाण्याच्या पेयात अर्धाच क्यूब घाला, शेवटचा घोट सुसह्य होतो.

घरात कोणी मद्य घेत नसेल, तर त्यांच्या सोड्यात बिटर्स टाकण्यापूर्वी त्यांना विचारा, कारण अँगोस्टुरात ४४.७ टक्के अल्कोहोल असते.

प्रश्नकर्ती

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल नाशिकची ब्रूट आणून अर्ध्या क्यूबने आणि पूर्ण क्यूबने असे दोन ग्लास केले. फेस अजिबात सांडला नाही आणि बाबांना पूर्ण क्यूबचाच ग्लास आवडला. आता शेवटची शंका: १० जणांसाठी किती बाटल्या लागतील?

प्रतिसाद २

७५० मिलिलिटरच्या बाटलीतून ९० मिलिलिटरचे आठ ग्लास निघतात, त्यामुळे दोन बाटल्या आणि १०० मिलिलिटर कोन्याक लागेल. क्यूब पाहुणे येण्यापूर्वी भिजवून ठेवा. बाटली मात्र सगळे जमल्यावरच उघडा. तारेची जाळी सहा अर्ध्या फेऱ्यांत सुटते, तेव्हापासून अंगठा बुचावरून काढू नका, बाटली माणसांपासून दूर आणि तिरकी धरा, आणि बूच नव्हे तर बाटली फिरवा.