नीतिधैर्य की मनोधैर्य?

शाईपेन : ब्रिटिश व्यंगचित्रकार फिलिप झेकवरचा लेख मराठीत आणतेय. मार्च १९४२, 'डेली मिरर'. अंधाऱ्या समुद्रात तराफ्याला बिलगून पडलेला एकटा खलाशी, खाली ओळ : पेट्रोल एका पेनीने महागले. झेकला सांगायचं होतं, या तेलामागे माणसं मरताहेत, ते उधळू नका. सरकारने उलटा अर्थ काढला, की तेल कंपन्यांच्या नफ्यासाठी खलाशी मरताहेत. गृहमंत्री हर्बर्ट मॉरिसनने पेपर बंद करायची धमकी दिली. अशा चित्रांनी जनतेचं 'मोराल' खचतं, ही तक्रार. मी 'नीतिधैर्य' लिहिलं, संपादकांनी 'मनोधैर्य' केलं. बरोबर काय?

कोरांटी : संपादक बरोबर. नीतिधैर्य म्हणजे अन्यायाविरुद्ध उभं राहायची हिंमत. ती झेकने दाखवली.

पाटीपेन्सिल : 'पोलिसांचे नीतिधैर्य खचले' हे पेपरात वाचतच मोठा झालो. रुळलेला शब्द चूक कसा? शिवाय मनोधैर्य एकट्यादुकट्याचं वाटतं. सरकारची मनोधैर्य योजना बघा, ती अत्याचारपीडितांसाठी आहे.

कोरांटी : सैन्याचं मनोधैर्य म्हणतोच की! चूक रुळली तरी चूकच.

उंबरठा : दोन्ही जड. माझे आजोबा युद्धात खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते. ते म्हणायचे, "बातमी वाईट आली की माणसांचं अवसान गळायचं, हात मंदावायचे." अवसान लिहा.

कोरांटी : संस्कृतात अवसान म्हणजे शेवट!

उंबरठा : आमचं अवसान उर्दूतल्या 'औसान'वरून आलं असणार. औसान म्हणजे शुद्ध, भान. मराठी माणसाला अवसान गळणं समजतं, पुरे.

पाटीपेन्सिल : मला वेगळंच खटकतंय. बुडत्या खलाशाच्या चित्राला 'व्यंगचित्र' म्हणायचं? यात व्यंग कुठंय?

शाईपेन : व्यंग म्हणजे नुसती खोड नव्हे, व्यंजनेने सुचवलेलंही. इथे तर त्या सुचवण्यावरूनच संसदेत वादळ उठलं. आणि याच झेकने १९४१ मध्ये बायकांना कारखान्यांत बोलावणारं पोस्टर काढलं होतं : हात फैलावून उभी बाई, वर विमानांची रांग. उत्पादन वाढवणारा माणूस मोराल खचवणारा ठरला. म्हणून तर शब्द नेमका हवाय.

उंबरठा : त्या पोस्टरवरच्या हाकेचं मराठी काय केलंत? 'कारखान्यात या' फार कोरडं वाटतं.

कोरांटी : 'चला कारखान्यात'. 'या' म्हणजे पाहुण्यांना बोलावल्यासारखं.

पाटीपेन्सिल : 'चला' म्हणणारा स्वतःही निघालेला असतो. ती बाई तिथे आधीच उभी आहे, तिने 'या'च म्हणायला हवं.