जुन्या ट्रक कॅम्परमध्ये पाणी मुरलंय, आतून उघडू की बाहेरून पत्रा काढू? (मदत हवी आहे)

मंडळी, लांबलचक लिहितोय, सांभाळून घ्या. पिकअपच्या हौद्यात बसवायचा जुना कॅम्पर (झोपायची फिरती खोली) घेतलाय, १९७४ चा. लाकडी सांगाडा, आतून पातळ प्लाय, बाहेरून ॲल्युमिनियमचा पत्रा. घेताना ठोकून-बिकून बघितला होता पण आतून ताजा रंग मारलेला होता, तेव्हाच डोकं चालायला हवं होतं, नाही चाललं.

केबिनच्या वर पुढे आलेला झोपायचा भाग असतो ना, तिथे उजव्या कोपऱ्यात पहिल्यापासून चहा सांडल्यासारखा डाग होता. मी म्हटलं श्वासाची वाफ असेल, काचेवर साचते तशी. गेल्या आठवड्यात गादी उचलली तर खालचं प्लाय फुगून त्याचे पापुद्रे सुटलेले, बोटाने दाबलं तर बोट आत. मग काय, पॅनल सोललं. आतली आडवी पट्टी हातानेच चुरली, तपकिरी चौकोनी तुकडे पडत होते, जळक्या कोळशासारखे. काचलोकर ओल्या फडक्यासारखी जड आणि स्टेपलच्या जागी नुसत्या गंजाच्या रेघा. कुबट वास इतका की बायकोने डोकं आत घातलं आणि तसंच बाहेर काढलं.

आता माझा गोंधळ असा की आतून सगळं प्लाय काढून नव्या पट्ट्या बसवू, का बाहेरची कोपऱ्याची पट्टी काढून पत्रा सोलू? पत्रा एकदा काढला की परत तसाच बसेल याची मला अजिबात खात्री नाही. आणि ट्रीटेड लाकूड (कुजू नये म्हणून रसायन मुरवलेलं) वापरलं तर पुन्हा कुजणार नाही ना? एक मित्र म्हणतो एपॉक्सी (दोन द्रव मिसळून घट्ट होणारं रेझिन) ओत, दगड होईल.

हो, आणि गेल्या वर्षी मीच सगळ्या सांध्यांवर वरून सिलिकॉन फासलंय. दोन नळ्या. हसू नका.

रंधा: हसलो, माफ करा. आता ऐका, लाकडाला हात लावायच्या आधी गळती शोधा, नाहीतर नवं लाकूडही दोन पावसाळ्यांत असंच होईल. डाग जिथे दिसतो तिथेच भोक असेल असं समजू नका, पाणी पट्टीवरून घरंगळत कुठल्या कुठे जातं. एका खिडकीत हवा आत ढकलणारा पंखा बसवा, बाकी फटी टेपने बंद करा आणि बाहेरून सांध्यांवर साबणाचं पाणी मारा. बुडबुडे आले की तिथून पाणी शिरतं. वरचे मार्कर लाइट (गाडीची रुंदी-उंची दाखवणारे छोटे दिवे), पुढची खिडकी, कोपऱ्याच्या पट्ट्या आणि छतावरचा व्हेंट, बहुतेक वेळा चोर यांच्यातलाच निघतो.

जुनी चाकं: वाफेचा संशय अगदीच चुकीचा नव्हता हो. गादीखाली खरंच दव धरतं. पण ते माणसं झोपलेल्या थंड रात्रीनंतर, आणि गादीभर पसरून. एकाच कोपऱ्यात, तेही पावसानंतर, म्हणजे गळती.

सुतारपक्षी: बाहेरून जा. हे कॅम्पर बहुतेक आतून बाहेर असे बांधलेले असतात, आधी आतलं प्लाय आणि सांगाडा, शेवटी पत्रा. म्हणजे पत्रा काढला की सांगाडा समोर येतो आणि आतलं चांगलं पॅनल फोडावं लागत नाही. पत्रे कौलांसारखे एकावर एक असतात, वरून खाली काढत या, प्रत्येकावर मागून नंबर टाका, फोटो काढा. त्याआधी बॅटरी सोडा, लाइटच्या तारा पत्र्यामागूनच जातात. आणि मास्क लावा, ती बुरशी छातीत घ्यायची वस्तू नाही.

ट्रीटेड लाकूड नको. त्यातल्या बऱ्याच प्रकारांत तांबं असतं, ओल लागली की ते ॲल्युमिनियम खातं. साधं कोरडं सरळ लाकूड घ्या, बोरेटचं (बुरशी-कीड रोखणारा क्षार) पाणी मारून पूर्ण वाळू द्या. एपॉक्सी मऊ पडलेल्या छोट्या भागाला ठीक आहे, तुमची पट्टी हातात चुरतेय म्हटल्यावर तिथे एपॉक्सी म्हणजे भुशाचा लाडू. कापून काढा, घट्ट लाकूड लागेपर्यंत, आणि तिथून पुढे वीतभर तरी जोड द्या. कॅम्पर उचलून धरणाऱ्या कोपऱ्यातल्या जॅकचा भार ज्या खांबांवर येतो तिथे तर काटकसर करूच नका.

मूळ प्रश्नकर्ता: काल पंख्याचा प्रयोग केला. उजवीकडून दुसऱ्या मार्कर लाइटखाली बुडबुड्यांचा नुसता फेस! पण खरी लाज वाटली ती पुढे, कोपऱ्याच्या पट्टीचं सिलिकॉन उचकटलं तर मागून अर्धी वाटी पाणी आलं. म्हणजे आत शिरलेलं पाणी जिथून निथळून गेलं असतं ती वाटच मी बुजवून ठेवली होती. आता हे सिलिकॉन काढू कसं? आणि परत काय लावू?

रंधा: प्लास्टिकच्या स्क्रेपरने खरवडा, उरलेल्यावर सिलिकॉन रिमूव्हर. कण ठेवू नका, त्यावर दुसरं काही चिकटत नाही, नवं सिलिकॉनसुद्धा नीट नाही. पट्टीखाली ब्युटाइल टेप (चिकट, मऊ रबरी पट्टी), स्टेनलेस स्क्रू. एका दमात आवळू नका, टेप दबून बाहेर येते, दोन-तीन दिवसांनी परत थोडं आवळा आणि मग बाहेर आलेली कापा. छताच्या सांध्यांना छतासाठीचं आपोआप सपाट पसरणारं सीलंट.

मूळ प्रश्नकर्ता: पिनवाला मॉइश्चर मीटर आणला. उजवीकडे काटा मोडेल इतकं, ते माहीतच होतं. पण डावीकडे, जिथे डाग नाही, फुगवटा नाही, प्लाय ठणठणीत वाजतंय, तिथे २६ टक्के दाखवतोय. मीटर चुकत असेल का? खरं सांगायचं तर मला ती बाजू उघडायची अजिबात इच्छा नाहीये.

सुतारपक्षी: विसाच्या वर लाकूड राहिलं की बुरशीला पोसणं चालू. उघडा. पंधराच्या खाली येईपर्यंत बंद करू नका, मग महिना लागला तरी चालेल. आणि दोन्ही बाजू एकदम उघडणार असाल तर त्या पुढे आलेल्या भागाखाली आधी टेकू द्या, नाहीतर नाक खाली वाकेल आणि पत्र्याची भोकं परत जुळणार नाहीत.