दगडी आणि मुक्तसंचार गोठा

मुक्तसंचार गोठा (गाई न बांधता मोकळ्या ठेवायचा) केला की दगडी, म्हणजे कासेचा दाह, आपोआप कमी होते, असं म्हटलं जातं. निम्मंच खरं. धार काढल्यावर सडाचं तोंड अर्धा-पाऊण तास उघडं असतं. तेवढ्यात गाय ओल्या शेणात बसली तर ती मोकळी असो की दावणीला, जंतू आत शिरायला वाट मिळतेच. म्हणून धार संपली की सड आयोडीनच्या द्रावणात बुडवायचे आणि लगेच गव्हाणीत ताजी वैरण टाकायची. खाण्याच्या नादात ती उभी राहते. युक्ती साधी, पण बऱ्याच गोठ्यांत वैरण धारेच्या आधीच संपलेली असते!

सुप्त दगडी तर डोळ्यांना दिसतच नाही. कास नरम, दूध स्वच्छ. फक्त दूध घटतं आणि आपण दोष पेंडीला देतो. सीएमटीच्या (दगडी ओळखायच्या कॅलिफोर्निया मस्टायटिस टेस्टच्या) द्रावणाने चारही सडांचं दूध वेगवेगळ्या कप्प्यांत तपासा. चिकट, घट्टसर झालं तर त्या गाईची धार सगळ्यात शेवटी. सडात औषधाची ट्यूब मात्र डॉक्टरांना विचारूनच, आणि औषधाचा अंश आहे तोवर ते दूध डेअरीला घालायचं नाही. विण्याआधी साधारण 60 दिवस गाय आटवतानाही (धार काढणं बंद करतानाही) त्यांचा सल्ला घ्या, जुना संसर्ग काढायला तो काळ बरा.