पेनड्राइव्हनं जुना कॉम्प्युटर पळतो काय?

शहापूरचा छापखाना: लग्नपत्रिकेचं आमचं मशीन विंडोज ७ चं, रॅम (चालू कामाची मेमरी) १ जीबी. पेजमेकर, म्हणजे पानं जुळवायचं सॉफ्टवेअर, उघडायला लावायचं आणि चहा पिऊन यायचं, अशी गत. ८ जीबीचा पेनड्राइव्ह लावून रेडीबूस्ट चालू केलं, म्हणजे डिस्कवरचं नेहमी लागणारं पेनड्राइव्हवर नकलून ठेवायची विंडोजची सोय. आधी ४ जीबीच्या वर जागा घेईना, एनटीएफएस या फाइल ठेवायच्या पद्धतीत फॉरमॅट केल्यावर घेतली. आता तीच फाइल दुसऱ्यांदा उघडताना हार्डडिस्कची खरखर कमी झालीय. पैसे घालण्याआधी हे करून बघाच, असं माझं मत.

निपाणीकर: अण्णा, दुखणं रेड्याला आणि औषध पखालीला! कमी पडायलीय रॅम, आणि पेनड्राइव्ह काय रॅम होत नाही. हार्डडिस्कवर जे आहे त्यातलंच थोडं तिथं नकलून ठेवतात. मोठी फाइल सलग वाचायची तर हार्डडिस्कच पुढं. हे रेडीबूस्ट २००७ मध्ये विंडोज व्हिस्टाबरोबर आलं, तेव्हा रॅम महाग होती. आज एसएसडी (आत काही न फिरणारी, चिपवरची वेगवान डिस्क) घाला, विषय संपला. विंडोज एसएसडीवर असलं की रेडीबूस्ट चालूच होत नाही, यातच काय ते समजा.

शहापूरचा छापखाना: सलग वाचायचं कोण म्हणालं? शंभर बारीक फॉन्ट शंभर ठिकाणी पडलेत. दर वेळी डिस्कचा काटा फिरायला दहाएक मिलिसेकंद जातात, पेनड्राइव्हमध्ये फिरायला काही नाहीच. तुमचं मशीन ४ जीबीचं असेल, तुम्हाला फरक कळायचा नाही. १ जीबीवाल्याला विचारा की.

खानापूर रोड: मध्येच कोणी पेनड्राइव्ह उपसला तर काम जातंय काय हो?

शहापूरचा छापखाना: परवा एका गिऱ्हाइकानं नवरदेवाचा फोटो द्यायला आमचाच उपसून आपला घातला. काही गेलं नाही. मूळ डिस्कवरच असतंय, मशीन तेवढं पुन्हा रेंगाळलं. आणि आतली नक्कल एईएस-१२८ या सांकेतिक पद्धतीनं कुलूपबंद, दुसरीकडं लावून वाचता येत नाही.

निपाणीकर: ते मान्य. पण सारखं लिहून स्वस्तातला पेनड्राइव्ह झिजतो, त्याचं काय? आणि डिस्क एवढी खरखरायलीय म्हणजे तिचेही दिवस भरलेत. ती बसली की पत्रिकांचं सगळं मॅटर गेलं, तिथं रेडीबूस्ट काय करणार?

शहापूरचा छापखाना: हे मात्र खरं बोललात. मॅटर आज रात्रीच दुसरीकडं उतरवून घेतो. एसएसडीचं लग्नसराई संपल्यावर बघू, तोवर पेनड्राइव्ह काढत नाही.