चार आठवडे यजमानांच्या घरी राहावे की हॉटेलमध्ये?

मी: सर्वांना नमस्कार. रोटरी या सेवाभावी संस्थेच्या व्होकेशनल ट्रेनिंग टीममधून, म्हणजे व्यावसायिक प्रशिक्षणासाठी जाणाऱ्या गटातून, मी चार आठवडे परदेशातील रुग्णालयांचे कामकाज पाहण्यासाठी जाणार आहे, हे आपणा सर्वांना ठाऊक आहेच. राहण्याची सोय यजमान कुटुंबांकडे करायची की हॉटेलमध्ये, असे आयोजकांनी आज विचारले आहे. दर आठवड्याला घर बदलेल, म्हणजे एकूण चार अनोळखी घरे होतील. शुक्रवारपर्यंत कळवायचे असल्यामुळे आपले मत हवे आहे.

बाबा: माझे मत हॉटेलच्या बाजूने आहे. दिवसभर वॉर्डात उभे राहून परतल्यावर निदान खोलीचे दार लावून निवांत बसता यावे. प्रशिक्षण रुग्णालयात आहे, तर परक्यांच्या घरी राहण्याचे प्रयोजन काय?

मामा: निर्णय कोणताही असो, व्हिसाच्या अर्जात मुक्कामाचा पत्ता आणि आमंत्रणपत्रातील पत्ता जुळला पाहिजे. नोकरीच्या ठिकाणचे ना हरकत प्रमाणपत्र आत्ताच माग. आणि तिथली व्यावसायिक नोंदणी नसताना रुग्णाला हात लावता येत नाही, केवळ निरीक्षण करता येते, हे मनाशी पक्के ठेव.

आत्या: दादा, तुझी काळजी मला समजते, तरीही मी यजमानांच्या घराचाच आग्रह धरीन. मी गेले तेव्हा या योजनेला ग्रुप स्टडी एक्स्चेंज म्हणत. 1965 साली सुरू झालेली ती योजना 2013 मध्ये बंद झाली आणि तिच्या जागी या ट्रेनिंग टीम आल्या. आमच्या गटाचा प्रमुख रोटरीचा सभासद असे, बाकीचे आम्ही रोटरीबाहेरचे नोकरदार, आणि मुक्काम नेहमी कुटुंबांतच. पहिल्या आठवड्यात मी सर्वांना आपल्याच रुग्णालयाची माहिती सांगत राहिले, त्यामुळे समोरच्यांचे ऐकायचे राहून गेले, याची खंत मला आजही वाटते.

दुसऱ्या घरची बाई रात्रपाळीची परिचारिका होती. रुग्णालयाच्या अधिकृत भेटीत आम्हांला नवी यंत्रे आणि स्वच्छ मार्गिका दाखवल्या गेल्या, पण त्या संध्याकाळी ती भांडी विसळत होती आणि मी पुसून ठेवत होते, तेव्हा तिने सहज सांगितले की त्यांच्याकडे पाळी बदलताना ओव्हर, म्हणजे पुढच्या पाळीला सोपवायची रुग्णांची माहिती, टेबलाशी बसून देत नाहीत, रुग्णाच्या खाटेजवळ उभे राहून देतात आणि शेवटी रुग्णालाच विचारतात, "आमच्याकडून काही सांगायचे राहिले का?" मी हातातली बशी खाली ठेवून ते वाक्य वहीत लिहून घेतले. परतल्यावर आमच्या वॉर्डात ही पद्धत रुजवायला मला वर्ष लागले, कारण गर्दीच्या वॉर्डात शेजारच्या खाटेला सगळे ऐकू जाते, म्हणून नाजूक गोष्टी बाजूला जाऊन सांगायची सवय आम्हांला वेगळी लावावी लागली. ही अडचणही मी तिला पत्राने कळवली होती. देवाणघेवाण म्हणतात ती हीच, आणि हॉटेलच्या खोलीत ती माझ्या वाट्याला आली नसती.

बाबा: हे पटते. पण एखादे घर मानवलेच नाही तर?

आत्या: पहिल्याच दिवशी टीम लीडरला स्पष्ट सांगायचे. संकोचाने आठवडा काढायचा नाही. आमच्यातल्या एकीचे घर तिसऱ्या दिवशी बदलले होते आणि त्याबद्दल कोणी नाराजी धरली नाही. स्वतंत्र खोली, आतून लागणारे दार आणि घरात राहणाऱ्या माणसांची माहिती या तीन गोष्टी आधीच लेखी विचारून घे.

मामा: ताईंची सूचना रास्त आहे. औषधांची आणि पथ्याची यादीही यजमानांना आधी पाठव.

मी: आत्या, तुझे वाचून माझा निर्णय झाला. मी यजमानांची घरे असेच कळवते आणि तू सांगितलेल्या तीन गोष्टी त्याच पत्रात विचारते. बाबा, चारही घरांचे पत्ते आणि टीम लीडरचा नंबर हाती येताच या ग्रुपवर टाकीन. आत्या, ती वही अजून असेल तर रविवारी न्यायला येते. ओव्हरबद्दल तू पत्रात काय लिहिले होतेस, तेही मला सविस्तर ऐकायचे आहे.

आत्या: वही कपाटातच आहे. ये.