उतारवयात संघ बदललेले बेसबॉलपटू: बाबांना काय दाखवू?

खारीबिस्किट
मंडळी, मदत हवी. बाबा साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे सिअ‍ॅटलला आलेत. हाडाचे क्रिकेटवाले, पण रोज संध्याकाळी माझ्यासोबत बेसबॉल बघतात. त्यांचं म्हणणं, "आयपीएलमध्ये लिलाव होतो ते ठीक, पण जन्मभर एका संघाकडून खेळलेल्यानं म्हातारपणी दुसऱ्याचा शर्ट का घालावा?" असे कोणते खेळाडू दाखवू? नियम अर्धेच कळलेत, त्या बेतानं सुचवा.

बाकावरचा
सिअ‍ॅटलमध्ये राहून हे विचारताय? इचिरो सुझुकी! २३ जुलै २०१२. साडेअकरा हंगाम तुमच्या सिअ‍ॅटलच्या मरिनर्सकडे काढले, स्वतःच बदली मागितली आणि त्याच संध्याकाळी त्याच मैदानावर मरिनर्सविरुद्ध, न्यूयॉर्कच्या यांकीजकडून उतरला. पाठीवर ५१ ऐवजी ३१. बॅटिंगला आला तर अख्खं स्टेडियम उभं. यानं हेल्मेट काढून दोनदा वाकून नमस्कार केला, मग सिंगल (पहिल्या बेसपर्यंत पोचवणारा फटका) मारून लगेच सेकंड बेस चोरला, म्हणजे फटक्याशिवाय पळून गाठला! याला नियम कशाला कळायला हवेत?

चहाबाज
विली मेज. मे १९७२, वय ४१. त्याच्या जुन्या संघानं, जायंट्सनी, न्यूयॉर्कच्या मेट्सला दिला आणि पठ्ठ्यानं मेट्सकडून पहिल्याच सामन्यात जायंट्सविरुद्धच होमरन (आपल्या षटकारासारखा फटका) मारून सामना काढला. १९७३ची वर्ल्ड सिरीज (अजिंक्यपदाची अंतिम मालिका) मात्र दाखवू नका. सेंटर फील्डला चेंडूमागे धडपडलेला मेज माझ्याच्यानं बघवत नाही.

बाकावरचा
अहो, पण त्याच सामन्यात बाराव्या इनिंगला आघाडीची धाव त्याच्याच सिंगलवर आली. लोक पडलेलं तेवढं लक्षात ठेवतात.

सहज_डोकावले
यांकीजचा बेब रूथ राहिला. १९३५, बॉस्टन ब्रेव्हज. वय ४०, पोट सुटलेलं, तरी २५ मेला पिट्सबर्गमध्ये एका सामन्यात तीन होमरन! आठवडाभरात निवृत्त. पण बाबांच्या मुद्द्याला खरं उत्तर आल्बर्ट पुहोल्स. सेंट लुईसचा संघ सोडला, एंजल्सकडे रमला नाही, डॉजर्सकडे गेला आणि २०२२मध्ये परत सेंट लुईसला. ७००वा होमरन मारला तो डॉजर्सच्याच मैदानावर.

खारीबिस्किट
इचिरो दाखवला. दोनदा बघितला. नमस्काराला काही बोलले नाहीत, नंतर जेवताना म्हणाले, "यानं बदली का मागितली, ते शोध." बँकेतली त्यांची तीस वर्षं बदल्या टाळण्यात गेली. उद्या पुहोल्स.