‘साभार’, ‘सौजन्य’ की ‘श्रेयनिर्देश’?

उत्तर कसब्यातून विचारणा :
सोलापुरात सिद्धरामेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेनिमित्त आमचे मंडळ एक लहानशी स्मरणिका काढते आणि तिची प्रुफे वाचण्याचे काम माझ्याकडे असते. यंदा यात्रेत मिरवल्या जाणाऱ्या नंदीध्वजांविषयीचा मजकूर मराठी विकिपीडियावरून आणि त्यासोबतचे छायाचित्र विकिमीडिया कॉमन्स या मुक्त चित्रसंग्रहावरून घेतले आहे. छापखान्याने दोन्हींखाली ‘साभार : इंटरनेट’ अशी ओळ टाकून दिली. ती मला खटकते. परंतु मुक्त परवान्यात, म्हणजे काही अटींवर साहित्य कोणालाही वापरू देणाऱ्या परवान्यात, जिला ‘अ‍ॅट्रिब्यूशन’ म्हणतात, त्या अटीसाठी मराठीत नेमका कोणता शब्द वापरावा, हे ठरत नाही. ‘साभार’, ‘सौजन्य’, ‘ऋणनिर्देश’ आणि ‘श्रेयनिर्देश’ असे चार पर्याय समोर आहेत.

नवी पेठेतून प्रतिसाद :
‘साभार’ म्हणजे आभारासह. हा शब्द मराठीत एरवी एकटा येत नाही. ‘साभार पोच’, ‘साभार स्वीकार’ आणि लेखकांच्या जिव्हारी लागणारे ते ‘साभार परत’, अशी त्याच्यापुढे काहीतरी क्रिया लागते. त्यामुळे ‘साभार : इंटरनेट’ ही ओळ व्याकरणाने अधांतरी आहेच, शिवाय इंटरनेट हे काही कोणाचे नाव नव्हे. छापलेल्या लेखाखाली ‘साभार : कागद’ असे लिहिण्यासारखेच ते आहे.

‘सौजन्य’ अधिक घोटाळ्याचा आहे. सुजनाचा भाव ते सौजन्य, हा मूळ अर्थ बाजूला पडला असून, यात्रा भरते त्या होम मैदानावरच्या कमानीवर ‘अमुक यांच्या सौजन्याने’ असे वाचले की आपल्याकडे कोणालाही खर्च कोणी केला एवढेच कळते. छायाचित्रकाराच्या नावाआधी हा शब्द आला, तर त्याने स्मरणिकेला पाठिंबा किंवा देणगी दिल्याचा समज होऊ शकतो, आणि मूळ कर्त्याचा आपल्याला पाठिंबा आहे असे सुचवण्यास क्रिएटिव्ह कॉमन्स या संस्थेने तयार केलेल्या मुक्त परवान्यांत स्पष्ट मनाई आहे. ‘ऋणनिर्देश’ हा ग्रंथकर्त्याने साहाय्यकांविषयी प्रस्तावनेनंतर लिहिलेला मजकूर. तो मनाचा मोठेपणा असतो, अट नसते.

परवाना आभार मागत नाही. तो मागतो ते कर्त्याचे नाव, परवान्याचे नाव आणि दुवा, मूळ साहित्याचा दुवा आणि आपण काही बदल केला असल्यास त्याची नोंद. म्हणजे यात बोट दाखवण्याची, निर्देशाची क्रिया मुख्य आहे. म्हणून माझे मत ‘श्रेयनिर्देश’ या शब्दाला. ‘श्रेयस्’ म्हणजे संस्कृतात कल्याणकर, अधिक चांगले. मराठीत मात्र आपण श्रेय देतो, घेतो आणि प्रसंगी लाटतोही, शिवाय चित्रपटामुळे ‘श्रेयनामावली’ सर्वांच्या कानांवरून गेलेली आहे.

साखर पेठेतून प्रतिसाद :
‘श्रेयनिर्देश’ मान्य आहे, पण साधे ‘लेखक’ किंवा ‘छायाचित्र’ लिहून पुढे नाव दिले तर काय बिघडते? वाचकाला पारिभाषिक शब्दाचे ओझे कशाला?

नवी पेठेतून :
काहीच बिघडत नाही. छापील ओळीत ‘श्रेयनिर्देश’ हा शब्द यायलाच हवा असे नाही. त्या ओळीला आपसांत काय म्हणायचे, एवढाच प्रश्न होता. ओळीत परवाना मात्र यायला हवा, कारण तो नसेल तर पुढच्या वाचकाला हे साहित्य आपणही वापरू शकतो हे कळणारच नाही. ‘मुक्त’ या शब्दाने इथे बराच घात केला आहे. अनेकांना तो ‘बेवारस’ असा ऐकू येतो. वास्तविक परवाना देणाऱ्याचा स्वामित्वहक्क शाबूत असतो आणि त्या हक्काच्या बळावरच तो अटी घालतो. आपल्या १९५७च्या स्वामित्वहक्क कायद्यातील कलम ५७ तर असे सांगते की हक्क दुसऱ्याला विकल्यानंतरही कृती आपली असल्याचे सांगण्याचा अधिकार कर्त्याकडेच राहतो.

उत्तर कसब्यातून :
एक अडचण राहते. कॉमन्सवर छायाचित्रकाराचे खरे नाव नाही, टोपणनाव आहे. आमच्या अध्यक्षांचे म्हणणे असे की असले नाव यात्रेच्या स्मरणिकेत शोभत नाही, तेव्हा ‘एक छायाचित्रकार’ असे छापावे.

बाळीवेसेतून प्रतिसाद :
अध्यक्षांना आपल्या सिद्धरामेश्वरांचेच उदाहरण सांगावे. घरात कन्नड असल्यामुळे मला हे लहानपणापासून ठाऊक आहे की त्यांच्या वचनांच्या, म्हणजे कन्नड भक्तिपर रचनांच्या, शेवटी त्यांचे स्वतःचे नाव नसून ‘कपिलसिद्ध मल्लिकार्जुन’ हे देवाचे नाव येते. कन्नडात याला ‘अंकित’ म्हणतात. अभंगात ‘तुका म्हणे’ येते ती नाममुद्रा कवीच्या नावाची आणि इथली इष्टदेवतेची, परंतु वचन कोणाचे हे दोन्हीकडे तिच्यावरूनच ओळखले जाते. तिथे कोणी ‘एक शरण म्हणतात’, म्हणजे कोणी एक शिवभक्त, असे घातले तर चालेल का? परवान्यातही कर्त्याने स्वतःची ओळख ज्या नावाने द्यायला सांगितली असेल, ते टोपणनाव असले तरी तेच द्यावे, अशी तरतूद आहे.

नवी पेठेतून :
अंकिताचा दाखला मला सुचला नसता. आता मजकुराविषयी. विकिपीडियाचा एक लेख अनेक हातांनी लिहिलेला असतो, म्हणून तिथे प्रत्येकाचे नाव न देता लेखाचा दुवा दिला तरी चालतो. छापील पानावर तो पत्ता अक्षरांत छापावा लागतो. हा मजकूर जून २०२३पासून सीसी बाय-एसए ४.० या परवान्याखाली आहे. त्यातील ‘सीसी’ म्हणजे क्रिएटिव्ह कॉमन्स, ‘बाय’ म्हणजे श्रेयनिर्देश आणि ‘एसए’ म्हणजे शेअर-अलाइक, जसे घेतले तसेच पुढे द्यावे. मजकुरात फेरफार केला असेल तर तो फेरफारित लेख याच परवान्याखाली राहील. स्मरणिकेतील इतर लेखांना त्याने बाधा येत नाही. पण दुसऱ्या पानावर आपण सवयीने ‘सर्व हक्क स्वाधीन’ छापतो, ते या लेखापुरते खोटे ठरते. जाता जाता, आपल्या प्रुफात ‘पुनर्प्रकाशन’ असेल तर ते ‘पुनःप्रकाशन’ करावे; ‘पुनर्मुद्रण’ बरोबर आहे, कारण तिथे पुढे मृदू व्यंजन येते.

उत्तर कसब्यातून :
‘पुनर्प्रकाशन’ दोन ठिकाणी होते, दुरुस्त केले. दुसऱ्या पानावर ‘पृष्ठ ११वरील लेख वगळता सर्व हक्क स्वाधीन’ असे केले असून छायाचित्राखाली आता टोपणनाव, ‘विकिमीडिया कॉमन्स’, परवाना, दोन्ही पत्ते आणि ‘डावी बाजू कापली आहे’ एवढे येते. ओळीच्या तीन ओळी झाल्या, त्यामुळे खालच्या चादरवाल्यांच्या जाहिरातीची चौकट थोडी आखडावी लागली. त्यांना तसे आधीच कळवले आहे.